कळवतो

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एका तरुण गृहस्थाने टाकलं, "लॅब पपीज अव्हेलेबल, लास्ट टू पीस." खाली पाच-सहा अंगठे, चार बदाम, आणि एका शहाणीचा प्रश्न, "होम डिलिव्हरी है क्या?" मी फोन उपडा ठेवला आणि चहा टाकायला उठले. पीस म्हणे! ब्लाउजचा पीस असतो, चिकनचा पीस असतो. आईच्या पोटाला चिकटून झोपलेल्या जिवाला पीस म्हणणाऱ्याला माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दारातूनच वाटेला लावलं असतं, आणि वर "चप्पल नीट घाला, पायरी निसरडी आहे" असं सौजन्याने सांगितलं असतं. सौजन्यात अण्णा कधी कमी पडले नाहीत. पण त्यांचं गुणगान गायला मी बसलेले नाही, हे आधीच सांगते. ते काम त्यांच्या तेराव्याला जमलेल्या मंडळींनी पोटभर जेवून चोख केलं. मला लिहायचंय ते वेगळं आहे. कुत्रीची पिल्लं कुठल्या घरात द्यावीत याचं सगळं शास्त्र ज्या माणसाला तोंडपाठ होतं, त्याला स्वतःची मुलगी कुठल्या घरात द्यावी हे विचारायची बुद्धी कशी झाली नाही, आणि झाली ती कशी झाली, ते लिहायचंय. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि जगात माझ्याइतकं शहाणं कोणी नाही असं माझं मत होतं. आता साठी जवळ आली. मत फारसं बदललेलं नाही.

लालबागची खोली विकून आम्ही भाईंदरला जेसल पार्कला आलो तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. "भाईंदर? तिथे मिठागरांशिवाय आहे काय?" म्हणणारे हेच लोक पुढे एकेक करून इथेच फ्लॅट घ्यायला आले, ते सोडा. आमचा तळमजला. पावसाळ्यात पाणी शिरतं म्हणून तो कोणी घेत नव्हतं, त्यामुळे आम्हाला परवडला. मागच्या बाजूला हातरुमालाएवढी मोकळी जागा होती, तिला आई "आमची बाग" म्हणायची. बागेत एक तगर, एक तुळस आणि बिल्डरने टाकून दिलेल्या फुटक्या टाइल्स. सकाळी साडेपाचला पाण्याचा पंप घरघरायला लागायचा, मग टँकरवाल्याचा हॉर्न, मग वरच्या मजल्यावरच्या मोटाबेनचा दरवाजा आणि त्यांची हाक, "ए भाभी, पानी आया क्या?" ओहोटीला खाडीचा वास घरभर पसरायचा. आई त्याच वासात सुकट भाजायला घ्यायची, म्हणजे मोटाबेनला नाव ठेवायला जागा राहू नये. अण्णा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बैलापासून मांजरापर्यंत. घरी आले की आधी न्हाणीघर, मग चहा, मग आमच्याशी बोलणं. माझी मोठी बहीण शुभा, आमची ताई, भाईंदर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. उंच, सावळी आणि गप्प. घरात बोलायचं काम माझ्याकडे होतं.

आणि होती बकुळा. डॅशहाउंड जातीची कुत्री. लांब अंग, बोटभर पाय. गल्लीतले लोक विचारायचे, "ही बसलीय की उभी आहे?" आणि आपण फार मोठा विनोद केला म्हणून स्वतःच हसायचे. ती आली उत्तनच्या आग्नेसमावशीकडून. आग्नेसमावशींचं मासळीचं काम; त्यांच्या कुत्र्याचा पाय अण्णांनी बरा केला होता, त्या उपकारापोटी त्यांनी एक पिल्लू द्यायचं कबूल केलं. पण उपकार म्हणून डोळे झाकून देणारी ती बाई नव्हती. आधी आमचं घर बघायला आली. टोपलीभर बोंबील आईच्या हातात दिले, खुर्चीवर बसली नाही, सगळ्या खोल्यांतून फिरली, मोरीत डोकावली आणि अण्णांना म्हणाली, "दुपारची घरान कोन हाय? कोन न्हाय तं कुत्रा न्हाय." आईने सांगितलं, मी असते. तेव्हा कुठे मावशी टेकली. आईला त्या प्रकाराचा भयंकर राग आला होता. "आपली परीक्षा घ्यायला आली, कोळीण!" असं ती आठवडाभर म्हणत होती. बोंबील मात्र तिने त्याच दिवशी तळले.

अण्णांनी ती परीक्षा मनावर घेतली. बकुळा तीन वर्षांची होऊन अंगाने भरल्याशिवाय त्यांनी तिला नर दाखवला नाही. नरसुद्धा असातसा नाही. वसईच्या एका मास्तरांचा कुत्रा ठरला, पण त्याआधी अण्णा दोन रविवार वसईला जाऊन त्या कुत्र्याच्या आईबापांच्या पाठीवरून अंगठा फिरवून आले. या जातीची पाठ लांबच लांब, त्यात घराण्यात दोष असला किंवा जिने चढ-उतार झाले की मणका सरकतो आणि मागचे पाय लुळे पडतात. असे लुळे कुत्रे लोक दवाखान्यात आणून सोडायचे, "बघा काय करायचं ते" म्हणायचे आणि घड्याळ बघत निघून जायचे. त्यांचं काय करायचं ते शेवटी अण्णांनाच बघावं लागायचं. त्या दिवशी ते चहा घ्यायचे नाहीत. बकुळाच्या आयुष्यात दोनच वेतं होतील, असं त्यांनी पहिलं वेत व्हायच्या आधीच जाहीर केलं होतं. "ती काय कारखाना आहे?" असं ते म्हणायचे. पहिल्या वेताला पाच पिल्लं झाली. चहाच्या खोक्यात जुनी सतरंजी घालून बाळंतिणीची खोली तयार झाली, आणि जी आई कुत्रीच्या नावाने खडे फोडायची तीच नाचणीची पेज आणि अंडं घेऊन खोक्याशी बसायला लागली. "खा ग बाई, खा, ओढतात मेले," असं ती बकुळाला म्हणायची. आम्हाला त्या आवाजात कधी कोणी खा म्हटल्याचं मला आठवत नाही.

मग घरं बघायला सुरुवात झाली. अण्णांचं शास्त्र असं. येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ऐकायचा. "केवढ्याला?" असा असला, तर तो माणूस बाद. "हिची आई कुठाय?" असं विचारलं, तर खुर्ची मिळायची. मग आम्ही त्यांच्या घरी जायचो. एकदा सांगून आणि एकदा न सांगता, दुपारी दोनच्या सुमाराला. हो, आम्ही. अण्णा बाहेरच्या खोलीत पुरुषांशी बोलायचे आणि मी "जरा पाणी पिते" म्हणून स्वयंपाकघरात शिरायची. "बाहेरचं मी बघतो, आतलं तू बघ," हे आमचं ठरलेलं. बाहेर काय, सगळेच कुत्र्यावर जीव टाकणारे असतात. आत गेल्यावर कळतं कोणाचा किती जीव आहे तो. अण्णांचे प्रश्न तीन. मजला कितवा? दुपारी घरी कोण असतं? आणि आधी जनावर पाळलं होतं का, असलं तर ते गेलं कसं? हा तिसरा प्रश्न ते घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा विचारायचे. आवाज असा की हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. "तीन माणसं तीन गोष्टी सांगायला लागली की खरी चौथीच असते," असं ते मला जिन्यात सांगायचे. घर पसंत पडलं तर म्हणायचे, "रविवारी या, तिच्या आईसमोर न्या." दोन महिने पुरे झाल्याशिवाय पिल्लू हलायचं नाही, आणि नेताना एकच अट: नाही जमलं तर परत आणायचं. "केव्हाही आणा, कारण विचारणार नाही. पण रस्त्यावर सोडलंत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन." आणि घर पसंत नसलं, तर एकच शब्द. "कळवतो." अण्णांचं हे "कळवतो" म्हणजे मेलेल्या माणसाचं "येतो" होतं. त्यानंतर कधी काही कळायचं नाही.

काय एकेक नग यायचे! चेण्याला फार्महाउस बांधलेला एक शेठ आला होता, म्हणाला, "गेट पे बांधेगा, चोर के लिए." वीतभर उंचीचं कुत्रं चोरासाठी! चोर त्याला अडखळून पडला तर पडला, तेवढाच बंदोबस्त. एका बाईंना पिल्लू तपकिरीच हवं होतं, कारण सोफा तपकिरी. एका बापाला मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं होतं. अण्णांनी विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय कराल?" तर त्याला प्रश्नच कळला नाही. नाकारलेला प्रत्येक जण जाताना उंबऱ्यातून एकच वाक्य फेकायचा. जणू सगळ्यांनी एकाच क्लासात पाठ केलं होतं. "अहो, कुत्रं देताय की मुलगी देताय?" अण्णा अजिबात चिडायचे नाहीत. हात जोडून म्हणायचे, "कुत्रं देतोय, म्हणून विचारतोय." मला हे उत्तर तेव्हा इतकं आवडायचं की मी कॉलेजात मैत्रिणींना ते रंगवून सांगायची. त्यातला अर्थ माझ्या डोक्यात शिरायला आठ महिने लागले.

पाटकर त्या पहिल्या वेताच्या वेळीच आले. मीरा रोडचे. पोटावर शर्ट ताणलेला, बोलणं मोठ्याने, पहिला प्रश्न मात्र अगदी बरोबर, "हिची आई कुठाय?" कोणीतरी आधी पढवलं असणार. मजला विचारला तर म्हणाले पहिला. आम्ही गेलो तर जिना संपेचना. तिसऱ्या मजल्यावर अण्णा थांबले आणि म्हणाले, "पहिला म्हणाला होतात." त्यावर पाटकर हसून म्हणाले, "अहो, आमच्या लेखी पहिलाच! वरून मोजा ना!" लिफ्ट अर्थातच नव्हती. खरं तर तिथूनच परत फिरायचं, पण चहा टाकला होता म्हणून बसलो. त्यांचा आधीचा कुत्रा मोती. तो गेला कसा? पाटकर म्हणाले, म्हातारा झाला होता. त्यांची बायको म्हणाली, गाडीखाली आला. धाकटा मुलगा अविनाश पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, पळून गेला. आणि पाटकरांच्या बायकोने वर जोडलं, "गेला तो गेला. म्हणून तर नवीन घेतोय." मी पाणी प्यायला आत गेले. थोरली सून ओट्यापाशी पोळ्या करत होती. तिने भांडं भरून दिलं, परत तव्याकडे वळली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "नका देऊ इथे." मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "गॅलरीत बांधायचे. उन्हात. ओरडला की जेवण बंद. पिल्लू नका देऊ." तिने उलथन्याने पोळी दाबली, ती फुगली, तिने डब्यात टाकली. गॅलरीच्या गजाला एक लोखंडी कडी होती आणि तिच्याखाली लादी अर्धगोल झिजली होती. बाहेर येऊन मी अण्णांना म्हटलं, "चला, उशीर होतोय." ही आमची खूण होती. अण्णा उठले आणि म्हणाले, "कळवतो."

आठ महिन्यांनी मामा एक स्थळ घेऊन आला. मामा म्हणजे आईचा भाऊ, डोंबिवलीचा, ज्याने जन्मात स्वतःच्या घरातला बल्ब बदलला नसेल पण दुसऱ्यांची लग्नं जमवायचा ज्याला फार उरक. मुलगा सरकारी बँकेत, निर्व्यसनी, धाकटा, मीरा रोडला स्वतःचा फ्लॅट. बघण्याचा कार्यक्रम मामाकडेच झाला. मुलगा एका मावशीला घेऊन आला, मामीचे साबुदाणावडे चार खाल्ले, ताईला विचारलं, "जॉब सोडाल ना?" आणि उत्तराची वाट न बघता पाचवा घेतला. मी त्याला बघताक्षणी ओळखलं. पेपरात डोकं खुपसून "पळून गेला" म्हणणारा तोच तो अविनाश पाटकर. त्याने आम्हाला ओळखलं नाही. त्याने मागल्या वेळी आमच्याकडे बघितलंच कुठे होतं? अण्णांनी ओळखलं नसेल, अशी मला जरा आशा होती. पण घरी येऊन मी विचारलं तर ते चप्पल काढता काढता म्हणाले, "हो. पाटकरच."

"मग?"

"मग काय?"

"अण्णा, त्या घरात आपण पिल्लू दिलं नाही!"

आई आतून कडाडली, "कुत्र्याशी तुलना करतेस बहिणीची? लाज नाही वाटत?" ताईचं सव्विसावं चाललं होतं. आईच्या मते ते चाललं नव्हतं, पळत होतं. रंग सावळा, उंची जास्त, वर नोकरी. सांगून आलेलं स्थळ, हुंडा नको म्हणणारं. अण्णांनी पाय धुतले, पुसले, खुर्चीत बसले आणि मला समजावून सांगायच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, जनावराला तोंड नसतं. त्याच्या वतीने आपल्याला विचारावं लागतं. माणसाचं तसं नाही."

"आणि ताईला कुठे ठेवलंय तोंड तुम्ही?" मी म्हटलं. "तिला विचारलंत तुम्ही?"

माझ्या थोबाडीत बसली. आईची. अण्णांनी कधी हात उगारला नाही, ते फक्त पेपर उघडायचे. त्यांनी पेपर उघडला. आज हे लिहिताना मला त्या पेपराचा जास्त राग येतो. थप्पड निदान काहीतरी बोलली तरी. हा माणूस एका पिल्लासाठी वसईला जाऊन त्याच्या आजी-आजोबांची पाठ चाचपून आला होता. सोफ्याच्या रंगावरून त्याने बायकांना दाराबाहेर काढलं होतं. परत आणायची अट घालायचा, कारण विचारणार नाही म्हणायचा, आणि मुलीच्या बाबतीत आईने "एकदा दिलेली मुलगी परत येत नसते" म्हटलं तर मान डोलवायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! "कुत्रं देतोय, म्हणून विचारतोय." अण्णा शब्दशः खरं बोलत होते. मुलगी देताना ते विचारणार नव्हते.

ताई मागच्या बागेत बसली होती. बकुळाला दुसरं वेत झालं होतं, चार पिल्लं, जेमतेम डोळे उघडलेली. ताई एकेकाला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं, मोतीचं, कडीचं, झिजलेल्या लादीचं, पोळ्या करणाऱ्या सुनेचं. ताईने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिचं नाव काय ग, त्या सुनेचं?" मला माहीत नव्हतं. कुत्र्याचं नाव मला पाठ होतं, मोती. जिने पाठ फिरवून का होईना आम्हाला सावध केलं, तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. "तू काही बोलू नकोस आता," ताई म्हणाली. "आई रडत बसते." आणि तिने पुढचं पिल्लू उचललं.

मुलाचं घर बघायला जायचा रविवार दोन आठवड्यांनंतरचा ठरला. आई, अण्णा, मामा आणि मी. मला न्यायला आईची तयारी नव्हती, पण अण्णा म्हणाले, "येऊ दे तिला." का म्हणाले, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. तेच तीन मजले. आई प्रत्येक वळणावर थांबून पदराने तोंड पुसत होती आणि म्हणत होती, "हवेशीर आहे हो." पाटकरांनी दार उघडलं, अण्णांकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि मग एकदम टाळी वाजवली. "अरेच्चा! तुम्हीच ना ते कुत्रेवाले? आम्हाला पिल्लू दिलं नव्हतंत!" मग मामाकडे वळून म्हणाले, "तेव्हा पिल्लू नाही दिलंत, आता पोरगी द्या. फिटंफाट!" सगळे हसले. मामा सगळ्यात मोठ्याने हसला. आई पदर तोंडाला लावून हसली. आणि अण्णाही हसले. दात न दाखवता, ओठ ताणून, दवाखान्यात साहेबांच्या विनोदाला हसायचे तसे. त्या हसण्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "जरा पाणी पिते," आणि आत गेले. ओट्यावर चहाची पातेली उतू गेलेली. पाटकरांची बायको स्वतः कप पुसत होती. सून नव्हती. दाराशी तरुण बाईची म्हणावी अशी चप्पल नाही. गॅलरीतली कडी होती, तिला आता कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. मी बाहेर येऊन बसले आणि म्हटलं, "थोरल्या वहिनी दिसत नाहीत?"

"माहेरी गेलीय. तिच्या आईला बरं नाही," पाटकर म्हणाले.

"बाळंतपणाला गेलीय," त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन येता येता म्हणाली. तिने आतून नवऱ्याचं ऐकलं नव्हतं.

अविनाशने बिस्कीट बुडवलं. "तिला तिकडे नोकरी लागलीय ना," तो म्हणाला.

 मामा चहा फुंकत होता, त्याला काही कळलं नव्हतं. मी अण्णांकडे बघितलं. ते कपात बघत होते. मला आता रडू येईल असं वाटायला लागलं, इतका राग आला होता. मग मी तो प्रश्न विचारला. अण्णांच्याच शब्दांत, अण्णांच्याच आवाजात, हवापाण्याच्या गप्पा चालल्यासारखा.

"आणि त्या गेल्या कशा?"

आईने मला असा चिमटा काढला की वळ चार दिवस राहिला. "लहान आहे, तिला कळत नाही," ती म्हणाली. पाटकरांच्या बायकोने ट्रे टेबलावर आपटला. "गेली ती गेली," ती म्हणाली. "नवीन येतेच आहे की आता घरात."

अण्णांनी बशी खाली ठेवली. मी त्यांना हजार वेळा बशी ठेवताना बघितलंय, पण ती बशी त्यांनी दोन्ही हातांनी ठेवली. मग त्यांनी मान वर केली आणि पाटकरांच्या बायकोला विचारलं, "दुपारी घरी कोण असतं तुमच्याकडे?" ती म्हणाली, "म्हणजे?" अण्णा म्हणाले, "नाही, सहज." ते उठले, गॅलरीच्या दाराशी गेले, कडीखालच्या झिजलेल्या लादीकडे थोडा वेळ बघत राहिले आणि परत येऊन चप्पल घातली.

"कळवतो," अण्णा म्हणाले.

मामाला वाटलं, रीतीप्रमाणे बोलले. खाली उतरताना त्याने आईला टाळी दिली, "जमलं म्हणायचं!" पण पाटकर दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना हा शब्द आधी एकदा मिळाला होता. त्यांनी वरून ओरडून तेच म्हटलं, जे सगळे म्हणायचे, फक्त यावेळी उलटं. "अहो, मुलगी देताय की कुत्रं देताय?" अण्णा जिन्यात थांबले. मला वाटलं, आता हात जोडून काहीतरी चोख बोलतील. ते कठड्याला धरून उतरायला लागले. तीन मजले उतरायला त्यांना खूप वेळ लागला.

घरी पोचल्यावर जे व्हायचं ते झालं. आईने डोकं बांधून घेतलं. एका कुत्र्यापायी पोरीचं वाटोळं केलंत, आता हिला जन्मभर सांभाळा, असं सगळं मोटाबेनला वर ऐकू जाईल इतक्या आवाजात झालं. मामाने जो पाय काढला तो दोन वर्षं फिरकला नाही. आमच्या घराला लाभलेली ती सगळ्यात शांत दोन वर्षं. त्या थोरल्या सुनेचं पुढे काय झालं ते मला कधीच समजलं नाही. समजून घ्यायचा मी प्रयत्नही केला नाही, ते लपवत नाही. ताईने पुढे एकतिसाव्या वर्षी स्वतः ठरवून लग्न केलं, आणि त्याआधी त्या माणसाच्या घरी न सांगता, दुपारी दोन वाजता गेली होती. हे तिनेच मला सांगितलं. आता ती टाकून दिलेल्या कुत्र्यांना घरं बघून देते. तिलाही लोक उंबऱ्यातून तेच ऐकवतात, कुत्रं देताय की मुलगी देताय. ती म्हणते, "कुत्रं. मुलगी असती तर चहा पिऊन देऊन टाकली असती."

पण मला सांगायचंय ते त्या रविवारच्या संध्याकाळचं. आई आत पडली होती. ताई मागच्या दाराशी बसून पिल्लांना बशीतून नाचणीची पातळ पेज चाटवत होती. चारही पिल्लं बशीत पाय घालून उभी, बकुळा बाजूला धापा टाकत पडलेली. अण्णा आले आणि दारात उभे राहिले.  मग घसा खाकरला. आपल्या पोटच्या मुलीशी बोलायला या माणसाला घसा खाकरावा लागत होता.

"शुभा," ते म्हणाले, "दवाखान्यातल्या सावंतांचा एक पुतण्या आहे. विरारला असतो. मी अजून काही बोललो नाही त्यांच्याशी." ते थांबले. "तुला काय वाटतं? विचारू का?"

सव्वीस वर्षांत ताईला कोणी हे विचारलं नव्हतं. मी दाराआड उभी होते. ताईने बशीत पडलेल्या एका पिल्लाला मानेला धरून उचललं, त्याचे पाय फडक्याने एकेक करून पुसले, त्याला आईच्या पोटाशी ठेवलं. मान वर केली नाही.

"कळवते," ती म्हणाली.